धूळ थांबली, मग दम का वाढतो?

फुफ्फुसांच्या आजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत, ठिकाणं ठेवली आहेत. पत्रं वेगवेगळी असली तरी बहुतेकांचं उत्तर एकाच जागी येऊन ठेपतं. फुफ्फुसाला इजा कशाने झाली यापेक्षा त्या इजेची डागडुजी कुठे अडली, हे पाहावं लागतं.

प्रश्न : माझे वडील पंचवीस वर्षं खडीच्या क्रशरवर होते. आठ वर्षांपूर्वी काम सोडलं. विडी कधीच ओढली नाही. तरी दम दरवर्षी वाढतोय, आता चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. धूळच नाही तर आजार वाढतो कसा? भाऊ चिऱ्यांच्या खाणीवर आहे. त्यालाही हेच होणार का? (डिचोली)

बाहेरची धूळ थांबली, पण आत गेलेली तिथेच आहे.

डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाकाघशातच अडकतात, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडतात. त्रास देतात ते ४-५ मायक्रॉनखालचे, डोळ्यांना न दिसणारे कण. ते थेट वायुकोशापर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतात. श्वासनलिकांना आतून बारीक केस असतात आणि ते कफ वर ढकलत राहतात. वायुकोशात ते नसतात. तिथली झाडलोट मॅक्रोफेज नावाची पेशी करते. ती कण गिळते, पोटातल्या पिशवीत टाकते आणि विकरं सोडून पचवते.

जंतू असला तर पचतो. दगडातली सिलिका पचत नाही. दगड नुकताच फुटलेला असला तर कणाचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या फार जहाल असतो, आणि क्रशरवर तर सगळाच दगड नुकता फुटलेला. त्या पृष्ठभागामुळे पिशवीचं आवरण फाटतं, आतली विकरं पेशीभर सांडतात. ही गळती पेशीतल्या एनएलआरपी३ नावाच्या प्रथिन-जुळणीला जागं करते आणि तिच्यातून आयएल-१ बीटा हा दाहाचा निरोप बाहेर जातो. २००८ मध्ये संशोधकांनी ही साखळी उलगडली. शेवटी मॅक्रोफेज मरते आणि कण जसाच्या तसा खाली पडतो. दुसरी मॅक्रोफेज येते, तोच कण गिळते, तीही मरते. एकच कण असा वर्षानुवर्षं पेशी मारत राहतो. वडील घरी बसले आहेत, कण कामावर आहे.

दाह फार दिवस टिकला की टीजीएफ-बीटा हा संदेश वाढतो. त्याच्या हुकमावरून साध्या तंतुपेशी आकुंचन पावणाऱ्या पेशींत बदलतात आणि कोलॅजन हे व्रणाचं चिवट प्रथिन ओतू लागतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या गोल थरांच्या गाठी तयार होतात. हा सिलिकोसिस. कोलॅजनची झालेली गाठ विरघळवणारं औषध आज नाही. म्हणून वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं: क्षयरोग, आणि ऑक्सिजन किती खाली उतरतो.

क्षयाचे जंतू मारायचं कामही याच मॅक्रोफेजचं आहे आणि तीच इथे मोडलेली आहे. त्यामुळे सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय इतरांपेक्षा बराच जास्त होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसली तर थुंकीची सीबीनॅट तपासणी करून घ्या; सरकारी व्यवस्थेत ती मोफत होते. उलटी चूकही तितकीच होते. एक्स-रेवरचे सिलिकोसिसचे ठिपके पाहून, थुंकीत जंतू न सापडताच क्षयाची औषधं सुरू होतात, पुन्हा पुन्हा सुरू होतात. हे टाळायचं तर डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठल्या कामावर, किती वर्षं, दगड कोरडा फोडत की पाणी मारून. जुनी हजेरी किंवा पगाराच्या पावत्या सापडल्या तर जपून ठेवा. सिलिकोसिस कायद्याने कळवण्याचा व्यावसायिक आजार आहे, आणि भरपाईचा प्रश्न निघाला तर हेच कागद लागतात.

भावाचं गणित थोडं वेगळं आहे. चिऱ्याचा जांभा दगड मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा असतो. नुसती लोहाची धूळ फुफ्फुसात साठली तर एक्स-रेवर ठिपके दिसतात, पण व्रण फारसा धरत नाही. म्हणून लाल धुरळा आणि क्रशरची करडी धूळ एका तराजूत घालता येत नाही. पण याचा अर्थ लाल धूळ निरुपद्रवी असाही नाही. जांभ्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका किती, हे जागोजागी बदलतं, आणि गोव्याचं लोहखनिज ज्या खडकापासून झालं त्यात क्वार्ट्झचे पट्टे असतातच. चिरे कापताना पात्यावर पाण्याची धार हवी. वारा पाठीमागून येईल अशा बाजूला उभं राहावं. कापलेली भुकटी कोरडी झाडू नये, भिजवून ओढावी. तोंडाला रुमाल बांधून या आकाराचे कण अडत नाहीत; एन९५ मुखपट्टी लागते, तीही दाढी न ठेवता, नाहीतर कडेने हवा शिरते. कामाचे कपडे खाणीवरच बदलावेत. वर्षातून एकदा स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजतात ती तपासणी) आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे.

प्रश्न : वडिलांचं (वय ७१) फुफ्फुस आवळत चाललंय, कारण सापडलं नाही. पिरफेनिडोन सुरू केलं. काजूच्या मोसमात दोन दिवस बागेत गेले, तर मान आणि हात लाल होऊन सोलले. आम्ही गोळी बंद केली, तीन आठवडे झाले. आता शेजारी म्हणतात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या. (काणकोण)

कातडी उन्हामुळे सोलली, पण तशी सोलण्याइतकी नाजूक गोळीने केली. पिरफेनिडोनचा हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. गोव्यातलं मार्च-एप्रिलचं ऊन त्याला पुरेसं असतं. बागेत जायचंच तर सकाळी आठच्या आत परतायचं, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, मान-हात-कानांवर एसपीएफ ५० चं मलम. पावसाळ्यात लेप्टोसाठी कुणी डॉक्सिसायक्लिन दिलं तर आधी सांगा की पिरफेनिडोन चालू आहे. दोन्हींमुळे उन्हाचा त्रास होतो.

गोळी आपणहून परत सुरू करू नका. सलग १४ दिवस किंवा जास्त खंड पडला तर जुन्या पूर्ण मात्रेवर एकदम जात नाहीत, पहिल्यापासून चढवत नेतात. २६७ मिलिग्रॅमच्या हिशेबात पहिला आठवडा दिवसातून तीनदा एक, दुसरा आठवडा तीनदा दोन, मग तीनदा तीन. म्हणजे दिवसाला २४०३ मिलिग्रॅम. भारतात २०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही मिळतात, त्यामुळे संख्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या. गोळी भरल्या पोटी घ्यायची, उपाशी घेतली की मळमळ ठरलेली. पहिले सहा महिने दरमहा यकृताची रक्ततपासणी. धूम्रपान चालू असेल तर औषधाची रक्तातली पातळी उतरते.

आणि अपेक्षा नीट ठेवा. पिरफेनिडोन असो की निन्टेडॅनिब, दोन्ही औषधं फुफ्फुसाची क्षमता घटण्याचा वेग कमी करतात. गेलेलं परत आणत नाहीत. "तीन महिने गोळी घेतली, दम तसाच" अशी तक्रार घेऊन लोक औषध सोडतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहोत.

आता स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींविषयी. वायुकोशाची स्वतःची दुरुस्त करणारी पेशी असते, तिला टाइप २ म्हणतात. वायुकोशाचं सुमारे ९५ टक्के क्षेत्र पापडासारख्या पातळ टाइप १ पेशींनी झाकलेलं असतं. त्या फाटल्या की टाइप २ विभागते, पसरते आणि टाइप १ बनते. या रूपांतरात मध्ये एक टप्पा लागतो. २०२० मध्ये उंदरांवरच्या अभ्यासांत हा टप्पा नेमका दिसला आणि तशाच अर्धवट पेशी फायब्रोसिसच्या (व्रण धरून फुफ्फुस आवळण्याच्या) रुग्णांच्या फुफ्फुसातही आढळल्या: टाइप २ पण नाहीत, टाइप १ पण झालेल्या नाहीत, मधेच अडकलेल्या. या आजारात अडचण पेशींच्या तुटवड्यापेक्षा त्या पुढे न सरकण्याची आहे. शिरेतून सोडलेल्या बाहेरच्या पेशी बहुतेक फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तिथे रुजून वायुकोश बांधत नाहीत. भारताच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा आजारासाठी हे उपचार मान्य वैद्यकीय चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. कुणी लाखांचा आकडा सांगितला तर उत्तर तिथेच मिळालं.

प्रश्न : बहीण न्यूमोनियानंतर व्हेंटिलेटरवर होती. ऑक्सिजन ९० च्या आसपास, तरी डॉक्टर "हवा कमीच देऊ" म्हणत आणि तिला पालथी झोपवत. तिचं वजन ७५ किलो. हवा जास्त दिली असती तर लवकर बरी झाली नसती का? (म्हापसा)

नाही. बहुधा आणखी बिघडली असती.

तिला झालं होतं ते एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसाला अचानक झालेली तीव्र इजा असावी. १९६७ मध्ये १२ रुग्णांच्या वर्णनातून हा आजार पुढे आला. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधली भिंत काही ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असते. दाहात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिच्यातून घुसतात, भिंत गळकी होते, प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात उतरतं. टाइप २ पेशी जो साबणासारखा सरफॅक्टंट बनवतात तो या प्रथिनांमुळे निकामी होतो आणि वायुकोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे मिटून चिकटतात. पण सगळे नाहीत. सीटी स्कॅनवर काही भाग पाण्याने भरलेला आणि थोडासाच भाग हवेशीर दिसतो. इटलीच्या गॅटिनोनी यांनी त्या उरलेल्या भागाला "बाळाचं फुफ्फुस" म्हटलं. मोठ्या माणसाची हवा त्या बाळाच्या फुफ्फुसात कोंबली की तेच ताणून फाटतं आणि ताणाने पेशी आणखी दाहसंदेश सोडतात.

म्हणून हवा तराजूवरच्या वजनावर मोजत नाहीत, उंचीवर मोजतात. बहिणीची उंची १६० सेंटिमीटर धरू. स्त्रीसाठी: ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (१६० वजा १५२.४). उत्तर ५२.४ किलो. किलोला ६ मिलिलिटर म्हणजे दर श्वासाला साधारण ३१५ मिलिलिटर. तिचे ७५ किलो धरले असते तर ४५० झाले असते. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. २००० साली ८६१ रुग्णांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत किलोला १२ मिलिलिटर दिलेल्यांत ३९.८ टक्के दगावले, ६ दिलेल्यांत ३१ टक्के. ऑक्सिजनही त्या चाचणीत ८८ ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवला होता. जास्त ऑक्सिजन स्वतःच पेशी भाजतो.

पालथं झोपवल्यावर पाठीकडचा, जड होऊन दबलेला मोठा भाग उघडतो. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्या गंभीर रुग्णांतली मृत्यूची टक्केवारी २८ दिवसांत ३२.८ वरून १६ वर आली. अर्धा तास पालथं करून "फरक नाही" म्हणण्यात अर्थ नसतो.

घरी आल्यावर दम लागणं काही महिने चालतं. टाइप २ पेशी भिंत पुन्हा बांधत असतात. तीन महिन्यांनी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आणि स्पायरोमेट्री करून घ्या.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात ए५४९ पेशींना १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस (जंतूच्या आवरणातलं दाह पेटवणारं द्रव्य) देऊन "फुफ्फुसाची इजा" करते आणि आयएल-८ हा दाहाचा निरोप मोजते. कधी दुपटीने वाढतं, कधी काहीच नाही. ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याच्या वाटीत) टीईईआरही, म्हणजे पेशींच्या थराचा विद्युत रोधही चढत नाही. गाइड म्हणतात हात चुकतोय. (ताळगाव)

हात चुकत असेलही, पण आधी पेशी पाहू. ए५४९ ही १९७२ मध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसाच्या गाठीतून काढलेली कर्कपेशी आहे. तिला टाइप २ चा नमुना म्हणतात, ते अर्धं खरं आहे. एलपीएस ओळखायला टीएलआर४ या पेशीवरच्या ग्राहकाच्या जोडीला सीडी१४ हे प्रथिन लागतं आणि ए५४९ वर ते फार कमी असतं. ती उणीव सीरममधलं विरघळलेलं सीडी१४ आणि एलपीएसला बांधणारं प्रथिन भरून काढतं. आता वही उघडून पाहा: ज्या दिवशी आयएल-८ वाढलं त्या दिवशी माध्यमात १० टक्के सीरम होतं आणि नाही वाढलं त्या दिवशी सीरमविना पेशी ठेवल्या होत्या, असं तर नाही? बहुधा असंच निघेल. सीरमची टक्केवारी एकच ठरवा, १ टक्का चालेल, आणि तीच शेवटपर्यंत ठेवा.

प्रत्येक प्लेटवर आयएल-१ बीटा, १ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, असा खात्रीचा नमुना ठेवाच. ए५४९ त्याला जोरात उत्तर देते. तिथेही आयएल-८ नाही आलं तर दोष पेशीत किंवा एलायझात (आयएल-८ मोजायच्या चाचणीत) आहे, एलपीएसमध्ये नाही. आलं तर एलपीएस पाहा. ते नळीच्या भिंतीला चिकटतं; १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा वापरण्याआधी व्होर्टेक्स करा, सोनिकेटर असेल तर काही मिनिटं त्यात धरा. छोट्या वाट्यांत गोठवा, एक वाटी एकदाच. साध्या दर्जाच्या एलपीएसमध्ये टीएलआर२ या दुसऱ्याच ग्राहकाला चेतवणारी भेसळ असते, त्यामुळे लॉट बदलला की निकाल बदलतो.

पेशी मांडताना २४ खणांच्या प्लेटमध्ये खणाला ५० हजार ते १ लाख. प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या पेशी मध्ये गोळा होतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा, पंधरा-वीस मिनिटं टेबलावर सपाट ठेवा आणि मगच इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी ८०-९० टक्के भरली की माध्यम बदलून डोस. ६ आणि २४ तासांनी वरचं माध्यम काढा, पेशींचा गाळ खाली बसवा, उणे ८० वर ठेवा. बहुतेक एलायझा किटचा वरचा आकडा २००० पिकोग्रॅमच्या आसपास असतो आणि आयएल-१ बीटा दिलेली ए५४९ तो सहज ओलांडते. म्हणून नमुना १० पट आणि २० पट पातळ करून दोन्ही चालवा. न पातळ केलेला नमुना वक्ररेषेच्या माथ्यावर सपाट होतो आणि "वाढ नाही" असा भास होतो.

मायकोप्लाझ्मा हा पेशींत शिरणारा अतिबारीक जंतू तपासला आहे का? त्याने माध्यम गढूळ होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो, आणि पेशी आधीच चेतलेल्या असल्यामुळे तुमच्या डोसला जागाच उरत नाही. दोन-तीन दिवस प्रतिजैविकाविना वाढवलेल्या माध्यमाची महिन्यातून एकदा पीसीआर करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुरशीचा जाच निराळा. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला. वीज जाऊन आली आणि माध्यम जांभळट दिसलं तर कार्बन डायऑक्साइड गळलेला आहे. त्या दिवशी डोस देऊ नका, माध्यम बदलून एक दिवस थांबा.

टीईईआर चढत नाही याला तुमचा इलाज नाही. ए५४९ पेशी एकमेकींना घट्ट शिवून घेत नाहीत. भिंतीची गळती मोजायची असेल तर कालू-३ या पेशी किंवा प्राथमिक (थेट ऊतकातून काढलेल्या) पेशी घ्या. हिशेबही तपासा: मोजलेल्या ओहममधून रिकाम्या पडद्याचे वजा करायचे आणि क्षेत्रफळाने गुणायचे. ४२० वजा १२०, गुणिले १.१२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३३६. भागाकार केलेले प्रबंध आजही दिसतात. प्लेट इन्क्युबेटरबाहेर गार होत गेली की आकडा आपोआप चढतो, म्हणून बाहेर काढल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ दर वेळी सारखा ठेवा.

आणि एका प्लेटवरचे तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात वाढवलेल्या पुढच्या पिढीच्या) पेशींवर केलेले तीन.

पुढे उंदरांवर ब्लिओमायसिनचा (फुफ्फुसात व्रण पाडणाऱ्या औषधाचा) विचार असेल तर प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी, आणि वेळापत्रक त्याहून नीट. श्वासनलिकेतून एक डोस दिल्यावर पहिला आठवडा दाहाचा असतो, व्रण साधारण १४ व्या दिवसापासून पक्का दिसतो. औषध पहिल्या दिवसापासून दिलं तर तुम्ही फक्त दाह रोखता आणि लिहिता मात्र "फायब्रोसिस बरा". दहाव्या दिवसानंतर सुरू करा. शिवाय तरुण उंदराचा हा व्रण काही आठवड्यांत आपोआप बराच विरतो. पहिल्या पत्रातल्या वडिलांचा विरत नाही. उंदरांत यशस्वी ठरलेली कितीतरी औषधं माणसांत पडली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न : धुळीच्या कामावरून आल्यावर माडाचा गूळ खाल्ला की छाती साफ होते, असं आमचे जुने कामगार सांगतात. खरं का? (सांगे)

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ वायुकोशात असते, वाटच वेगळी. गोड खाल्ल्याने घशात लाळ सुटते, घशाला चिकटलेली भरड धूळ गिळली जाते आणि बरं वाटतं. तेवढं खरं. १९९४ मध्ये भारतात रॅटवर झालेल्या एका अभ्यासात गुळामुळे फुफ्फुसातले कण हलायला मदत झाल्याचं दिसलं होतं, पण माणसांत हे सिद्ध झालेलं नाही. मालक मुखपट्टीऐवजी गूळ वाटत असेल तर गूळ घ्या आणि मुखपट्टी मागा.